स्टॅफर्ड गॅम्बिट आता चालेनासा झालाय, सोडू का?

डीवरचं_प्यादं:
नमस्कार मंडळी. मी ऑनलाइन बुद्धिबळाचे ५ मिनिटांचे डाव खेळतो, रेटिंग १२५० च्या आसपास. काळी मोहरी आली की वर्षभर स्टॅफर्ड गॅम्बिटच (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ल्याची संधी घेणं) खेळतोय. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो (ई४, एफ३ ही पटावरच्या घरांची नावं), १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६, मग त्यांचा घोडा आपलं ई५ चं प्यादं खातो आणि आपण सरळ ३... घोडा सी६ खेळायचं, घोड्याला घोडा जातो आणि आपलं डीचं प्यादं सी६ वर येतं. एक प्यादं कमी, पण वजीर नि उंटाची वाट मोकळी, आणि दुसरा उंट सी५ वर येऊन एफ२ वर डोळा ठेवून बसतो. एरिक रोझन या अमेरिकन बुद्धिबळपटूचे व्हिडिओ बघून शिकलो.

सुरुवातीला काय मजा यायची! त्यांनी ५. डी३ खेळून पुढे उंट जी५ ला आणला की आपला घोडा बिनधास्त ई४ चं प्यादं खातो, ते खुशीत वजीर मारतात, मग उंट एफ२ शह, राजा ई२, उंट जी४ मात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, घरात सगळे झोपलेले आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

आता मात्र बरेच जण ५. एफ३ खेळतात. ई४ घट्ट होतं, घोडा जी४ ला जाऊ शकत नाही, आणि मी एक प्यादं कमी घेऊन रटाळ डाव ओढत बसतो. सोडू की अजून खोलात शिकू?

सांगलीचा_उंट:
सोडू नका हो! बुलेटमध्ये (एकदोन मिनिटांच्या डावात) अजूनही चालतं. एफ३ आलं तर उंट सी५, मग घोडा एच५ करून वजीर एच४ शहाची धमकी द्या, एफचं प्यादं सरकल्यामुळे ती तिरपी उघडी पडते ना. घड्याळात मिनिटभर उरलं असताना समोरच्याला ते झेपत नाही.

पटावरची_ताई:
उंटदादा, समोरच्याने एफ३ नंतर सी३ करून डी४ ची तयारी केली की काय करायचं? तुमचा सी५ चा उंटच हाकलला जातो. इंजिन (डाव तपासणारा संगणक) तर चौथ्या खेळीनंतरच पांढऱ्याला दोन प्याद्यांच्या आसपास आघाडी दाखवतं. मी मुलांना शिकवते म्हणून कळकळीने सांगते, गॅम्बिट वाईट नसतो, एव्हान्स गॅम्बिट तर कास्पारोव्हने १९९५ ला रिगामध्ये आनंदविरुद्ध खेळून २५ खेळ्यांत डाव जिंकला होता. पण तिथे प्यादं देऊन जे मिळतं ते समोरच्याने बरोबर खेळलं तरी उरतं, स्टॅफर्डमध्ये तो चुकला तरच मिळतं.

आणि तुम्हाला नवीन काही पाठ करायचीसुद्धा गरज नाही, पहिल्या दोन खेळ्या त्याच ठेवा. तिसऱ्या खेळीला घोडा सी६ ऐवजी डी६ करा, घोडा मागे गेला की मग ई४ चं प्यादं खा, झाला पेट्रॉफ बचाव. फक्त डी६ न करता लगेच ई४ खाऊ नका, ४. वजीर ई२ येतो, तुम्ही घाबरून घोडा एफ६ ला परत नेलात की घोडा सी६ ने उघडा शह (घोडा बाजूला झाल्याने मागच्या वजिराचा शह) बसतो आणि वजीर गेला. माझ्या वर्गात हे दर महिन्याला कोणीतरी करतंच.

निवांत_हत्ती:
ताईंशी सहमत, पण वर्ष वाया गेलं असं अजिबात समजू नका. मोहरी पटापट बाहेर काढायची आणि एफ२ वर दोघातिघांनी मिळून तुटून पडायचं ही सवय मला असल्याच डावांनी लावली. १५ मिनिटांच्या डावात मात्र मीही खेळत नाही.

डीवरचं_प्यादं:
धन्यवाद ताई. काल रात्री डी६ चे पाच डाव खेळलो, दोन जिंकलो, दोन हरलो. पाचव्यात भलतंच झालं, समोरच्याने घोडा मागे न नेता सरळ एफ७ वर मारला! राजाने घोडा खाल्ला, त्याने डी४ केलं, मला वाटलं ई४ चं प्यादं फुकट आहे म्हणून खाल्लं आणि वजीर एच५ शह आला. जी६ केलं तर वजीर डी५ पुन्हा शह, आणि ई४ चा घोडा गेला.

पटावरची_ताई:
त्याला कॉक्रेन गॅम्बिट म्हणतात, टोपालोव्हने क्रामनिकविरुद्ध १९९९ ला लिनारेसमध्ये खेळला होता, डाव बरोबरीत सुटला. घोड्याच्या बदल्यात त्याला दोन प्यादी मिळतात. पुढच्या वेळी ई४ ला हातच लावू नका. उंट ई७, हत्ती एफ८, मग राजा हळूच जी८ ला. वजीर एच५ शहाला तोपर्यंत तुमचा एफ६ चा घोडाच अडवून धरतो, त्याला तिथून हलवू नका.