३० बाय २२ फुटांच्या हॉलची ट्रेनिंग रूम: स्क्रीन, आवाज आणि हवा

भोसरीकर:
प्रेस शॉपला (पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचा विभाग) लागून पहिल्या मजल्यावर ३० बाय २२ फुटांचा हॉल आहे. तिथे २० जणांची बॅच बसेल अशी ट्रेनिंग रूम करायची आहे. स्लॅब साडेदहा फुटांवर, वर उघडी गच्ची. पूर्वेच्या २२ फुटी भिंतीपलीकडे प्रेस शॉप, पश्चिमेच्या २२ फुटी भिंतीला खिडक्या, दार दक्षिणेच्या लांब भिंतीच्या टोकाला. कॉन्ट्रॅक्टरचा प्लॅन असा: पूर्वेच्या भिंतीवर ६५ इंची टीव्ही, त्यासमोर यू आकारात टेबलं, ९ फुटांवर जिप्समचं फॉल्स सीलिंग, दोन दोन टनांचे स्प्लिट एसी. प्रेसच्या बाजूला जिप्सम पार्टिशन आणि आतून फोमच्या शीट. शिकवायचं ते सेफ्टी इंडक्शन, व्हर्नियर-मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायची साधनं) वाचन आणि थोडं एक्सेल. यात काय चुकतंय? काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

नकाशावाला:
आधी खोली फिरवा. स्क्रीन उत्तरेच्या ३० फुटी भिंतीवर आणा, बाकीचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

वाचायचा मजकूर असेल तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या साधारण सहापट अंतराच्या आत हवा. ६५ इंची टीव्हीचं चित्र ३२ इंच उंच, म्हणजे १६ फुटांपर्यंत ठीक. तुमच्या प्लॅनमध्ये मागचा माणूस २५-२६ फुटांवर जातो. त्याला एक्सेलचे आकडे मुंग्यांसारखे दिसतील. शिवाय समोरच पश्चिमेच्या खिडक्या असल्यामुळे दुपारी तीननंतर टीव्हीत मजकुराऐवजी खिडकीच दिसेल.

स्क्रीन उत्तरेला घेतली की उजेड बाजूने येतो. पडदे मात्र तरीही लावाच. मांडणी अशी:

टेबल ५ फूट लांब, १८ इंच खोल, दोघांना एक. लॅपटॉप आणि वही दोन्ही ठेवायचं असेल तर २४ इंच लागतात, पण मग तिसऱ्या रांगेमागे काहीच जागा उरत नाही. भिंतीपासून ७ फूट सोडून पहिली रांग. टेबलाच्या मागे खुर्चीला ३ फूट, की पुढची रांग. तीन रांगांत साडेवीस फूट जातात, मागे दीड फूट उरतो. पहिल्या रांगेत मधोमध फक्त दोन टेबलं (४ जण), मागच्या दोन रांगांत चार-चार टेबलं (८ आणि ८). पहिल्या रांगेचे कोपरे मुद्दाम रिकामे ठेवायचे, कारण तिथून स्क्रीनची पलीकडची कड ५० अंशांहून तिरपी दिसते. मध्ये ३ फुटांची वाट आणि दोन्ही बाजूंना साडेतीन फूट मिळतात. दार मागच्या कोपऱ्यात आहे हे बरंच आहे. उशिरा येणारा सगळ्यांच्या समोरून जात नाही.

शेवटचं डोकं साडेअठरा फुटांवर येतं. ७५ इंची टीव्ही अगदी काठावर पुरतो, ८६ इंची आरामात. स्लाइडमधलं देवनागरी २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. जोडाक्षरं आणि रफार इंग्रजीच्या मापात वाचता येत नाहीत.

पट्टीवाला:
यू आकार इतका सहज काढून टाकू नका. मायक्रोमीटर हातात देऊन शिकवताना शिकवणाऱ्याला प्रत्येकाच्या हातापर्यंत जाता आलं पाहिजे. रांगांत मधला माणूस सुटतो.

नकाशावाला:
मान्य, पण २० जणांचा यू या खोलीत बसत नाही. माणशी अडीच फूट धरले तर कडेने ५० फूट टेबल लागतं आणि यूचे हात २२ फुटांत मावत नाहीत. १४ जणांचा बसतो: तळाला ६, दोन्ही हातांना ४-४. म्हणून चाकांची, ब्रेकवाली, वरची फळी दुमडणारी टेबलं घ्या. सकाळी रांगा आणि दुपारी अर्ध्या बॅचचा यू. चारपैकी दोनच चाकांना ब्रेक असलेलं टेबल घेऊ नका. लिहिताना ते घसरतं. रायटिंग पॅडच्या खुर्च्या तर नकोच. पॅड उजव्या हाताचं असतं, डावखुरा वैतागतो आणि त्यावर गेज ठेवताच येत नाही.

व्हर्नियरची रेषा तशीही मागून दिसणार नाही. ट्रेनरच्या टेबलावर डॉक्युमेंट कॅमेरा (खाली धरलेली वस्तू स्क्रीनवर मोठी दाखवणारा) ठेवा. व्हर्नियर त्याखाली धरला की अख्ख्या बॅचला एकच रेषा दिसते.

घुमणारा_हॉल:
फोमच्या शीटवर पैसे घालू नका. फोम आतला थोडा घुमारा कमी करतो, पलीकडचा आवाज अडवत नाही. शिवाय स्वस्त फोम पेटला की काळा विषारी धूर होतो, आणि ही खोली पहिल्या मजल्यावर आहे.

प्रेसचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद असाव्या लागतात. नेहमी होणारी चूक म्हणजे पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेऊन सोडणं. मग आवाज वरच्या पोकळीतून निवांत येतो. पार्टिशन स्लॅबला भिडलंच पाहिजे. दोन्ही बाजूंना १२.५ मिमी जिप्समचे दोन-दोन थर, सांधे एकावर एक न येणारे, मध्ये ५० मिमी रॉकवूल (घनता घनमीटरला ४८ किलो), आणि वर-खाली-कडेने अकूस्टिक सीलंट. पुट्टी चालणार नाही, ती तडकते. त्या भिंतीतले स्विचबॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका. दाराच्या खाली ड्रॉप सील (दार लागताच खाली उतरून फट बंद करणारी पट्टी) लावा. एक सेंटिमीटरची फट ठेवली तर भिंतीवर केलेला खर्च वाया जातो.

एक गोष्ट आधीच तपासा. प्रेस चालू असताना हॉलच्या फरशीवर स्टीलचा पाण्याचा पेला ठेवा. पाण्यावर वलयं उठली तर धक्का स्लॅबमधून येतोय. तो कुठलीच भिंत थांबवणार नाही, प्रेसखाली अँटी-व्हायब्रेशन माउंट बसवावे लागतील.

आता आतला घुमारा. ९ फुटांवर सीलिंग धरलं तर खोलीचं घनफळ सुमारे १६८ घनमीटर. टाइल, प्लास्टर आणि माणसं मिळून आवाज शोषणारं क्षेत्र जेमतेम १४ चौरस मीटरइतकं भरतं. म्हणजे प्रत्येक शब्द दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळणार. साधं जिप्सम सीलिंग यात काहीच भर घालत नाही. त्याजागी ०.७ एनआरसीच्या (म्हणजे साधारण ७० टक्के आवाज शोषणाऱ्या) मिनरल फायबर टाइल लावा. दिवे वगळून ५० चौरस मीटर मिळाल्या तरी हिशेब ०.६ सेकंदाच्या आत येतो, आणि बोलणं स्पष्ट ऐकू यायला तेवढं पुरतं. फक्त गच्ची गळत नाही ना ते आधी बघा. या टाइल ओल्या झाल्या की लोंबतात.

हवापाणी:
एसीबद्दल. माणसं, गच्चीचं ऊन, दिवे, लॅपटॉप आणि बाहेरची हवा मिळून एप्रिलच्या दुपारी १४ ते १५ किलोवॉटचा भार होतो, म्हणजे ४ टनांच्या आसपास. दोन दोन टनांचा अंदाज बरोबर आहे, पण स्प्लिटऐवजी कॅसेट (छतात बसणारा एसी) घ्या. भिंतीवरचा स्प्लिट एकाच रांगेच्या मानेवर वारा मारतो. मग कुणीतरी तो बंद करतं आणि बाकीचे उकडतात. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप दिलात तर भार बराच उतरेल.

खरी अडचण वेगळी आहे. स्प्लिट काय, कॅसेट काय, आतलीच हवा फिरवतात. २१ माणसं तासाला साधारण ३८० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. पूर्ण बंद खोलीत १६८ घनमीटर हवेत तो ४२० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) १००० वर पोचायला पंधरा-सोळा मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात फटींमुळे थोडा जास्त वेळ लागेल. जेवणानंतर अख्खी बॅच पेंगते तेव्हा दोष नेहमी ट्रेनरला लागतो.

माणशी १५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) धरून ३१५ सीएफएम ताजी हवा आत घ्या. ८ इंची इनलाइन फॅन, त्याआधी धुता येणारा फिल्टर. फॅनच्या डब्यावरचा आकडा उघड्या हवेतला असतो. फिल्टर आणि डक्टचा अडथळा धरून ४००-४५० सीएफएमचा घ्या. हवा खेचायचं तोंड प्रेस शॉप, जनरेटर आणि संडासाच्या एक्झॉस्टपासून लांब, पश्चिमेला किंवा गच्चीवर. बाहेर जायला दाराजवळ जाळी ठेवा. खोलीत दाब किंचित जास्त राहिला की तेलाचा वास आत येत नाही. पण ती जाळी प्रेसच्या भिंतीत नको, घुमणारा_हॉल यांची मेहनत फुकट जाईल.

फिल्टर महिन्याला धुवा. तुंबला तरी फॅनचा आवाज तसाच येतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेताना एनडीआयआर (अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. गच्चीवर नेल्यावर त्याने साधारण ४२० ते ४५० दाखवलं पाहिजे.

भोसरीकर:
फारच उपयोगी. खोली फिरवायचं आणि सीलिंग बदलायचं नक्की करतो. दिवे आणि वायरिंग राहिलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आठ पॅनल पुरतील.

नकाशावाला:
टेबलावर ४०० लक्स हवेत. ६१ चौरस मीटरला २४,४०० ल्युमेन झाले. भिंती-छतात जिरणारा आणि धुळीने घटणारा उजेड धरून दुप्पट, म्हणजे सुमारे ४९,०००. ३६ वॉटचं दोन बाय दोनचं पॅनल ३,६०० ल्युमेन देतं, तेव्हा १४ लागतील. ४००० केल्विनचे घ्या. स्विच स्क्रीनला समांतर ओळींप्रमाणे वेगळे करा, म्हणजे टीव्हीजवळची ओळ विझवून मागे लिहिता येतं. सगळे एकाच स्विचवर असले की अंधारात वही किंवा उजेडात फिकट स्क्रीन, एवढेच दोन पर्याय उरतात. व्हाइटबोर्ड टीव्हीच्या शेजारी, त्याची खालची कड जमिनीपासून ३ फुटांवर. मागे लावलात तर एक वापरताना दुसरा झाकला जातो.

एक्सेलसाठी २० लॅपटॉप धरा, ६५ वॉटप्रमाणे १३०० वॉट. भार किरकोळ आहे, अडचण पॉइंटची असते. टेबलं फिरणार असल्यामुळे फरशीत जागोजागी बॉक्स बसवले तर ते हमखास वाटेत येतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींना रेसवे (वायरी आणि पॉइंट बसणारी पट्टी) आणि मधल्या वाटेत फक्त दोन फ्लोअर बॉक्स पुरे. ट्रेनरच्या टेबलापासून टीव्हीपर्यंत २ इंची कॉन्ड्यूट (वायरीची नळी) टाका आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा. एक इंचीतून एचडीएमआयचं डोकं जात नाही आणि मग केबल भिंतीवरून लोंबते.

सोमवारी कॉन्ट्रॅक्टर यायच्या आत फरशीवर मास्किंग टेपने टेबलं, खुर्च्या आणि दाराची झडप आखा. झडप बाहेर उघडणारी ठेवा. मग वीस खुर्च्या प्रत्यक्ष मांडून माणसं बसवा, मगच सीलिंगचं माप द्या.