जुनी कार्टून मुलांना दाखवायची, तर नेमकी कशी?

कागदीबाण
6 ते 9 वयाच्या मुलांचा आठवड्यातून एकदा तासभर वर्ग असतो. त्यात 1940 ते 60 या काळातली कार्टून दाखवायचा विचार आहे: टॉम अँड जेरी, बग्ज बनी, रोड रनर वगैरे. मजा येईलच, पण त्यापलीकडे त्यातून काय काढता येतं? शेवटी तात्पर्य सांगायचं नाहीये. मारामारीबद्दल पालक विचारणार, त्यालाही उत्तर हवं.

चोवीस चौकटी
तात्पर्य वगळलंत ते उत्तम, त्या कार्टूनांत ते नसतंच. ती फक्त मुलांसाठी बनलेलीही नव्हती. थिएटरात मुख्य सिनेमाआधी लहानमोठ्या सगळ्यांना दाखवायची. शिकण्यासारखं आहे ते हालचालीत.

एक भाग साधारण 7 मिनिटांचा. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम), म्हणजे दहा हजारांवर चौकटी झाल्या. पुष्कळदा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, तरी सेकंदाला 12 चित्रं उरतातच.

पहिल्यांदा अख्खा भाग न थांबवता दाखवा. मध्येच प्रश्न विचारले की विनोदाचा टायमिंग मरतो आणि मुलं वैतागतात. दुसऱ्या फेरीत 20-30 सेकंदांचाच तुकडा घ्या. कॉम्प्युटरवर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक चौकट पुढे सरकते, स्वल्पविरामाने मागे. मग दिसतं: पळायच्या आधी मांजर उलट दिशेला झुकतं, आपटल्यावर चपटं होतं, आणि भरवेगात एखाद्या चौकटीत त्याचा नुसता रंगीत फराटा उरतो. हे मुलांनाच सापडू द्या.

शेजारी योगी बेअर लावा (1958). टीव्हीसाठी पैसा आणि वेळ कमी, म्हणून धड स्थिर ठेवून डोकं आणि तोंडच हलवलेलं. त्याच्या गळ्यात कॉलर आणि टाय उगाच नाही. डोकं वेगळ्या सेलवर (पारदर्शक पत्र्यावर) काढायचे, त्याचा जोड कॉलरमागे लपतो. पळताना मागून तेच झाड कितव्यांदा गेलं हे मोजायला मुलं एका पायावर तयार असतात.

नंतर फ्लिपबुक, म्हणजे पानं भराभर सोडली की चित्र हलताना दिसतं अशी वही. हातात मावेल असा 36 पानांचा पॅड घ्या, कागद पातळ हवा. शेवटच्या पानापासून सुरुवात करा, म्हणजे खालचं चित्र वरच्या पानातून दिसतं. विषय चेंडूची उसळी. वरच्या टोकाला चित्रं जवळजवळ, जमिनीकडे येताना लांब लांब, टेकल्याचं चपटं चित्र एकच. हमखास चूक म्हणजे सगळी अंतरं सारखी ठेवणं. मग चेंडू पडत नाही, दोरीने ओढल्यासारखा सरकतो. आणि चित्र मोकळ्या कडेजवळ काढायचं. बांधणीजवळ काढलेलं पानं फडफडवताना दिसतच नाही.

मंद्रसप्तक
संगीत विसरू नका! टॉम अँड जेरीचे संगीतकार स्कॉट ब्रॅडली पावला-पावलाला सूर बसवायचे. 'द कॅट कॉन्चेर्टो' घ्या, त्याला 1947 मध्ये ऑस्कर मिळालं. त्यात टॉम लिस्ट या संगीतकाराची 'दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी' ही रचना पियानोवर वाजवतो. आधी पडदा झाकून 1 मिनिट नुसतं ऐकवा. कोण दबकत चाललंय, कुठे कोण पडलं, हे मुलांना हाताने दाखवू दे. मग चित्र लावा. तिसऱ्यांदा आवाज बंद करून तोच तुकडा. आवाजाविना विनोद किती फिका पडतो ते त्यांचं त्यांना कळतं.

क्रियापदी
बग्ज बनी बडबड्या आहे, पण टॉम अँड जेरी आणि रोड रनरमध्ये संवाद जवळपास नसल्यामुळे भाषेसाठी हे सोनं आहे. 30 सेकंदांचा तुकडा, आवाज बंद, मुलांनी मराठीत धावतं समालोचन करायचं. अट एकच: 'गेला', 'केलं', 'मारलं' चालणार नाही. पहिल्या फेरीत गाडी अडते. दुसऱ्या फेरीला डोकावला, दबकला, घसरला, निसटला, झडप घातली, सटकला, गडगडला असं सुरू होतं. फळ्यावर लिहीत जा. मिनिटभराचा तुकडा मात्र घेऊ नका, मुलं मागे पडतात आणि आरडाओरड तेवढी उरते.

उलटतपासणी
पालकांना 'काही होत नाही' असं सांगू नका. अमेरिकेत 2011 च्या एका अभ्यासात 4 वर्षांच्या 60 मुलांपैकी काहींना 9 मिनिटं वेगवान कार्टून दाखवलं. लगेच घेतलेल्या लक्ष आणि संयमाच्या चाचण्यांत ती मुलं चित्र काढणाऱ्यांपेक्षा मागे पडली. परिणाम तात्कालिक मोजला होता आणि तुमची मुलं मोठी आहेत, तरी बोध साधा आहे: कार्टून संपल्या संपल्या फ्लिपबुक हातात देऊ नका. मध्ये 5 मिनिटं टॉमसारखं चवड्यांवर चालणं, भिंतीवर आपटल्याचा अभिनय, असं काहीतरी घ्या. मारामारीबद्दलही तिथेच बोलता येतं. रोड रनरमधला कोल्हा कड्यापलीकडे हवेत थांबतो आणि खाली पाहिल्यावरच पडतो. खरं काय होईल, हे मुलांना विचारा. नियम कुठे मोडला हे सांगता येणाऱ्या मुलाला ते खोटं आहे हे कळलेलं असतं.

मला जास्त काळजी वांशिक व्यंगचित्रणाची वाटते. बग्ज बनीवाल्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओची 11 कार्टून याच कारणासाठी 1968 पासून टीव्हीवर दाखवणं बंद झालं. टॉम अँड जेरीतल्या घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचं पात्रही तसंच. पुढे काही भागांत तिचा आवाज बदलला, काहींत पात्रच बदललं. आदल्या दिवशी पूर्ण भाग स्वतः बघा. स्फोटानंतर काळवंडलेल्या चेहऱ्यावरून कृष्णवर्णीयांची टर उडवणारे विनोद फार पटकन निघून जातात, पुढेमागे करत बघितलं तर नजरेतून सुटतात.

कागदीबाण
आभार. ऑनलाइन सापडलेल्या काही प्रतींत टॉमचे कान कापलेले दिसतात आणि संगीत चढ्या पट्टीत वाटतं. माझ्या स्पीकरचा दोष का?

चोवीस चौकटी
नाही, प्रतच बिघडवलेली आहे. मूळ चित्र बहुतेकदा जवळपास 4:3 आकाराचं (रुंदी 4, तर उंची 3); रुंद पडदा भरायला वरखाली कापतात. कॉपीराइटची तपासणी चुकवायला काही जण वेगही वाढवतात, म्हणून पट्टी चढते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली अधिकृत प्रत शोधा. ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा.