बी.ए. संगीतनंतर शिकवायचं असेल तर

मुलीचं बी.ए. संगीत झालंय, आता मुंबई गाठल्याशिवाय शिकवायची सोय नाही, असं एका पालकांचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. कॉलेजात प्राध्यापकी हवी तर एम.ए.ला ५५ टक्के (खुल्या वर्गाला) आणि सहसा नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) लागते, पण जागा मोजक्या. मी सावंतवाडीत घरीच गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांची तयारी करून घेते. प्रारंभिकची, म्हणजे पहिल्या परीक्षेची, पोरं सा लावता लावता खिडकीतून फणसाकडे बघतात! श्रावणात भजनी मंडळातले बाप्ये पेटी शिकायला येतात, "चतुर्थीआधी दोन गजर तरी बसवून द्या, बाई." त्यांची फी वेळेवर येते, पोरांची नाही. आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, मुलांच्या गळ्याप्रमाणे धरायची, आपल्या नाही, हे पदवीत कुणी सांगितलं नव्हतं. शिकवायला लागल्यावर दुसऱ्या वर्षी कळलं.