म्हातारा घोडा शोमध्ये उधळतो : लगाम कडक करायचा की नुसतं थांबायचं?

रामबागची_घोडेवाली

आमचा रुस्तम, कुमैत, खच्ची केलेला, वय १९. तरुणपणी रेसला पळालाय, माझ्याकडे सहा वर्षं आहे. इथे इंदूरला बायपासच्या पलीकडे जिथे ठेवलाय तिथे म्हणजे अगदी गाय, माझ्या सात वर्षांच्या भाचीने पाठीवर बसून केळं खाल्लंय. आणि तोच शोच्या मैदानावर ट्रकमधून उतरला की शेपूट वर, मान जिराफासारखी, मानेवर फेस, आणि सरळ चालणं बंद, सगळं आडवं आडवं दुडकत. मागच्या वेळी ड्रेसाजच्या (ठरलेल्या चाली जजसमोर करून दाखवायच्या, त्याला गुण) सोप्यातल्या सोप्या टेस्टला उतरलो. मैदानाच्या ए अक्षरावरून आत यायचं, मधोमध एक्सवर थांबायचं, जजला सलाम करायचा. आम्ही सलाम चालता चालताच केला, कारण रुस्तमला थांबायला वेळ नव्हता.

बाहेर आल्यावर तीन जणांनी तीन सल्ले दिले आणि तिघांचा अर्थ एकच होता : कडक लगाम घाल, नाकपट्टी आवळ, सकाळी दमवून आण. मला हे पटत नाही. माझं म्हणणं, हा माज नाहीये, भीती आणि जुनी सवय आहे. रेसकोर्सवर इतके घोडे, इतकी माणसं आणि लाउडस्पीकर म्हणजे आता पळायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते तोंड ओढून निघणार नाही. मी ठरवलंय की पुढचे दोन-तीन शो एंट्री न भरता नुसतं घेऊन जायचं, गवत खायला घालायचं, फिरवायचं, परत आणायचं. बोला.

जुना_सवार_५८

ताई, मत चांगलं आहे पण ट्रकचं भाडं कोण देणार 😄 एंट्री न भरता घोडा फिरवून आणायचा हे मी तरी पहिल्यांदाच ऐकतोय.

आमच्या वेळी साधं होतं. पहाटे उठायचं, लांब दोरीवर डावीकडून आणि उजवीकडून वीस-वीस मिनिटं गोल फिरवायचा, घाम निघाला की मग खोगीर. स्नॅफलने, म्हणजे साध्या लगामाने, ऐकत नसेल तर पेलहम घाला, तो जरा कडक, त्यात हनुवटीखाली कडी-साखळी असते, हलक्या हाताने धरलं तर घोड्याला काही होत नाही. हात वाईट असतो, लगाम वाईट नसतो. आणि भीती भीती काय करता, बरातीची घोडी बघा, समोर डीजे, डोक्यावर फटाके, वर सूट घातलेला नवरदेव ज्याने आयुष्यात घोडा पाहिला नाही, तरी ती उभी राहते ना? रंगपंचमीच्या गेरमध्ये, त्या रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर काय आवाज असतो, आणि तरी घोडे चालतातच. सवय लावली की लागते.

पाटणीपुरा_एक्सप्रेस

काका बरातीच्या घोडीचं उदाहरण देऊ नका प्लीज. आमच्या गल्लीत एक जण घोड्या ठेवतो, त्याच्या एका घोडीचं तोंड मी जवळून बघितलंय, ओठांच्या कोपऱ्यात दोन्हीकडे पांढरे कडक घट्टे आणि जिभेवर आडवी खाच. ती उभी राहते कारण हललं की तोंडात काटे रुततात. ती शांत नाहीये, तिने नाद सोडलाय, दोन्हीत फरक आहे. आणि काटेरी लगाम तर कायद्यानेच बंद आहे, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत त्यात स्वारीसाठी, हाकायला किंवा ताब्यात ठेवायला टोकं असलेला लगाम वापरायचा नाही असं सरळ लिहिलंय. कोण बघतं ते सोडा.

जुना_सवार_५८

अरे मी काटेरी कुठे म्हटलं भिया. पेलहम आणि काटेरी एकाच माळेत ओवू नकोस. सगळे मऊ मऊ बोलतात, आणि ५०० किलोचं जनावर वॉर्मअपमध्ये दुसऱ्याच्या पोरावर चढलं की मग काय करायचं? ताबा हवाच.

महूची_डॉक्टरीण

मी महूच्या व्हेटरनरी कॉलेजमधून शिकलेय, घोडे रोज बघते. लगामाचा वाद नंतर घाला, आधी १९ वर्षांच्या घोड्याचं तपासायचं काय ते सांगते.

डोळे पहिले. घोड्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं, पण म्हातारपणी मोतीबिंदू होतो आणि एका बाजूचं धूसर झालं की त्या बाजूने आलेली प्रत्येक छत्री भूत असते. घरी पाठ असलेल्या जागेत तो निभावून नेतो, नवीन मैदानावर निभावत नाही. तो एकाच बाजूला जास्त दचकतो का ते बघा.

दात. वर्षातून एकदा तरी घासून घ्यायचेच, या वयात त्याहून आधीही लागू शकतं. दाताची धार गालाला टोचत असेल तर तो लगामाशी भांडणारच, आणि तुम्ही पेलहम घालून त्याच दुखण्यावर जोर देणार.

मग पोट, आणि हे लोक हमखास विसरतात. घोड्याच्या पोटात आम्ल रात्रंदिवस तयार होतं, लाळ मात्र चावतानाच येते. शोच्या दिवशी पहाटे चार वाजता ट्रकमध्ये चढवला, सकाळपासून उपाशी, वर पळवला, की ते आम्ल उसळून पोटाच्या वरच्या भागाला लागतं. अल्सर खूप कॉमन आहे अशा घोड्यांमध्ये. स्वारीच्या आधी दोन मुठी लसूणघास चावू द्या, त्यात कॅल्शियम असतं, आम्ल थोडं निवतं. आणि ओट्स, चणे, जव किती देता? काम आठवड्याला चार दिवस आणि खुराक रेसच्या घोड्याचा असेल तर शांतपणा विसरा.

बाकी ‘दमवून आणा’ याबद्दल. वीस अधिक वीस मिनिटं छोट्या गोलात १९ वर्षांच्या सांध्यांवर, आणि तेही रोज. एक तर हॉक, म्हणजे मागच्या पायाचा मधला सांधा, जाईल, नाहीतर दोन महिन्यांत तो इतका फिट होईल की चाळीस मिनिटांनी त्याला नुसती कुठे सुरुवात झाल्यासारखं वाटेल. रेसचा घोडा आहे तो, दम काढायची स्पर्धा त्याच्याशी लावू नका.

रामबागची_घोडेवाली

डॉक्टर, ताई, धन्यवाद, दचकणं डावीकडेच जास्त आहे!! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आत्ता डोळ्यासमोर आणून बघितलं. चणे बंद करून चोकर आणि गवत वाढवलंय महिन्यापूर्वीच, डोळे या आठवड्यात दाखवते.

छत्रीबागवाला

मी वेगळंच बोलतो. १९ वर्षांचा घोडा आहे, शोला नेताच कशाला? माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपास आला असेल. रिटायर करा, गवत खाऊ द्या, मुलांना बसवा. आपली हौस, जनावराचा जीव.

रामबागची_घोडेवाली

हे मी पण विचारलं स्वतःला. पण घरी खोगीर बाहेर काढलं की तो स्वतः फाटकाशी येऊन उभा राहतो, खरारा करताना डोळे मिटतो, चारही पायांत सूज-गाठ काही नाही. काम पूर्ण बंद केल्यावर म्हातारे घोडे आखडतात हेही खरं आहे ना. माझा हट्ट शोचा नाही, त्याला गर्दीत श्वास घेता आला पाहिजे, कारण कधी आजारी पडला तर ट्रकने महूला न्यावाच लागेल, तेव्हा असाच करणार का?

छत्रीबागवाला

बरं, ट्रकचा मुद्दा मान्य. बाकीचं नाही.

सुदामा_नगरची

मला कोणी सांगेल का, लोक ते एक इंजेक्शन देतात ना, हलकं, गुंगीचं, एसीपी का काय. माझ्या ओळखीत एकाने शोच्या आधी दिलं, घोडा बर्फासारखा गार होता. वाईट काय त्यात?

महूची_डॉक्टरीण

वाईट बरंच आहे. एक, स्पर्धेत औषध चालत नाही, एफईआयच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, यादीत ते कंट्रोल्ड मेडिकेशन आहे आणि तपासणीत सापडतं. दोन, एसीपी म्हणजे एसीप्रोमाझिन, ते भीती घालवत नाही, फक्त अंग ढिलं करतं, म्हणजे घोडा झोपाळलेला दिसतो आणि अचानक धडाका झाला तर तरीही उडी मारतो, पण पाय नीट टाकत नाही. तुम्ही वर. तीन, नर घोड्यांमध्ये क्वचित लिंग बाहेर राहून कायमची इजा होते. डॉक्टरने उपचारासाठी दिलं तर गोष्ट वेगळी, शोसाठी नाही. मॅग्नेशियमची पावडर विकतात तिचंही तेच, शरीरात कमी असेल तर उपयोग, एरवी पुरावा तोकडा.

जुना_सवार_५८

औषधाच्या बाबतीत मी डॉक्टरांसोबत. पण नाकपट्टीबद्दल बोला. ढिली ठेवली की घोडा तोंड उघडून लगामाच्या मागे जातो, म्हणजे लगाम टाळतो, हे पाहिलंय मी वर्षानुवर्षं.

पाटणीपुरा_एक्सप्रेस

तोंड उघडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय ना काका, पट्टी आवळून त्याचं तोंड बंद केलं तर सांगणं बंद होईल, कारण नाही जाणार. २०२५ पासून एफईआयच्या स्पर्धांमध्ये नाकपट्टी मोजायचं एक साधन आलंय, दीड सेंटिमीटर जागा हवी. जग तिकडे चाललंय. आणि आपल्याच इंदूरच्या सुदीप्ती हजेला २०२३ ला हांगझोऊ एशियाडमध्ये ड्रेसाजच्या टीम गोल्डमध्ये होत्या, घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सोनं. ड्रेसाजमध्ये ताणलेला घोडा, हलणारं तोंड, फिरणारी शेपटी सगळं गुणांतून जातं. म्हणजे आवळून ओढून गुणसुद्धा मिळत नाहीत, मग कशासाठी.

जुना_सवार_५८

ते गुण मिळवणारे रोज आठ तास घोड्यावर असतात, आपण ऑफिस करून. होळकरांच्या शहरात घोड्यावर बोलायला सगळेच तयार, बसायला कमी 😄 असो. ताई, एक सांगतो, याच्याशी कुणी भांडणार नाही. वॉर्मअपमध्ये त्याला सरळ रेषेत पळवू नका. चालत ठेवा, लहान लहान वळणं, चाल ते दुडकी, दुडकी ते चाल, त्याचा खांदा वळणाच्या आतल्या बाजूला घेऊन चार पावलं, मग सोडा. डोकं कामात गुंतलं की भूत दिसत नाही. आणि स्वतः श्वास सोडा, तुम्ही मांड्या आवळल्या की त्याला कळतं. खोगिराच्या पुढे, मानेच्या बुडाशी खाजवत राहा, तिथे खाजवलं की नाडी उतरते, आमचा मोतद्दार करायचा, त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

महूची_डॉक्टरीण

काका हे अगदी बरोबर. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. ताई, नाडी मोजायला शिका, जबड्याखाली बोट ठेवून १५ सेकंद गुणिले चार, विश्रांतीत २८ ते ४४ असते. ट्रकमधून उतरल्यावर घ्या, मग दर अर्ध्या तासाने. खाली येत नाही तोवर खोगीर नको.

रामबागची_घोडेवाली

अपडेट, सोळा दिवसांनी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. दात घासून घेतले, गालात आत दोन जखमा होत्या, बघून मला दिवसभर कसंतरी झालं, सहा महिने मी तोच लगाम घालत होते.

शोला नेलं, एंट्री न भरता. सोबत शेजारची म्हातारी घोडी नेली, ती डावीकडे. पहिल्या अर्ध्या तासात नाडी ७२, खिंकाळणं चालूच, लोक वळून बघत होते. गवताची जाळी ट्रकला बांधली, तो एक घास तोडायचा, डोकं वर, एक घास, डोकं वर. मग दोन तासांनी डोकं खालीच राहिलं. नाडी ४८. बसले, वीस मिनिटं चाललो, लाउडस्पीकरवर कुणाचं नाव आलं तेव्हा एक कान हलला. बस. उतरले, घरी आणला.

जुना_सवार_५८

शाब्बास. पण एवढं भाडं घालून रिबीन काही मिळाली नाही ना.

रामबागची_घोडेवाली

मिळाली ना काका, लाल. शेपटीला बांधायची असते ना ती, ‘मागून येऊ नका, लाथ मारतो’ वाली. वॉर्मअपला जाताना एका मुलीने आपली काढून दिली. परत द्यायची राहिलीये.