भरलेल्या बांध्यासाठी टॉपचे मोफत पॅटर्न

प्रश्न (इंदूर): माझ्या छातीचा घेर ४६ इंच आहे, खांदे मात्र अरुंद आहेत, त्यामुळे जो तयार टॉप छातीला बसतो, तो खांद्यावरून उतरतो. घरी छापता येणारे मोफत पॅटर्न (कापड कापण्याचे कागदी साचे) कोणी वापरले आहेत का?

उत्तर १: ताई, ‘फ्रीसूइंग’ या संकेतस्थळावर आपली मापे भरली की त्यांनुसारच पॅटर्न तयार होतो. छापताना शंभर टक्के आकारच ठेवा आणि पानावरचा ठरावीक मापाचा चाचणी-चौकोन पट्टीने मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका.

उत्तर २: ठरावीक साइजचा पॅटर्न घेतलात, तर काखेतून छातीच्या वर घेतलेल्या मापावरून साइज निवडा, म्हणजे खांदा आणि गळा नीट बसतील. उरलेली रुंदी फक्त पुढच्या भागात वाढवावी: टक्सच्या (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुणीच्या) रेषेवर कागद कापून, तुकडे फाकवून, मध्ये नवा कागद चिकटवावा. हे माप आणि छातीचा पूर्ण घेर यांत ४ इंचांचा फरक असेल, तर पॅटर्नमधल्या पुढच्या अर्ध्या भागात २ इंच पुरतात. पाठही तेवढीच वाढवली, की टॉप ढगळ होतो, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३: आधी इंदूरच्याच एम. टी. क्लॉथ मार्केटमधून मांजरपाट (जाडेभरडे कोरे सुती कापड) आणून त्यावर शिवून पाहा. दंडाचा घेरही अवश्य मोजा; बाही तिथेच अडते.