शब्दचर्चा : बघायचा राहिलेला सिनेमा. राहिला, चुकला की सुटला?

वडगावकर
बेळगावात आमच्या गल्लीतल्या मंडळाने पोरांच्या सुट्टीत दर शनिवारी रात्री हॉलमध्ये पडदा लावून गाजलेले सिनेमे दाखवायचं ठरवलंय. अट एकच: नाव सगळ्यांना ठाऊक पाहिजे, पण बघितलेला नसावा. यादी करायला बसलो तेव्हा कळलं की पोरांचं सोडाच, आमचंच बरंच न बघितलेलं निघतंय. १९३६ चा 'संत तुकाराम' अख्खा कुणीच बघितलेला नाही. 'सामना' फक्त नावाने माहीत. आणि 'शोले'चे संवाद ताल धरून म्हणणारा एक गडी शेवटी हळूच म्हणाला, "मी अजून बघितलो नाही की."

आता फलक रंगवायचाय. वर कन्नड, खाली मराठी. अशा सिनेमांना मराठीत थोडक्यात काय म्हणायचं? आणि ते मागाहून एकेक करून बघण्याला? पोरं 'बॅकलॉग क्लिअर करायलोय' म्हणतात. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या नापास विषयांचा तो शब्द फलकावर नको वाटतो. सुचवा.

टिळकवाडी
सोपं आहे. 'सुटलेले सिनेमे'.

खानापूरचे मास्तर
नको नको! मराठीत सिनेमा सुटतो तो खेळ संपल्यावर. 'पिक्चर सुटला' म्हटलं की थेटराचं दार उघडतं, सायकली काढायची घाई होते आणि भजीवाला कढईत घाणा टाकतो. शाळा सुटते, कचेरी सुटते, तसाच पिक्चर. गाडी सुटली म्हणजे ती निघाली, तुम्ही तिच्यात बसलेलेसुद्धा असू शकता. बघायचं हुकलं या अर्थाने 'सुटला' म्हणणं मला हिंदीतल्या 'छूट गया'सारखं वाटतं. फलकावर 'सुटलेले सिनेमे' लिहिलंत तर माणसं घरी जायला उठतील.

खरी अडचण अशी की सिनेमाच्या धंद्याने आपली साधी क्रियापदं आधीच अडवून ठेवलीत. 'लागला' म्हणजे थेटरात आला. 'चालला', 'पडला', 'उतरला', सगळ्यांना ठरलेला अर्थ आहे. त्यामुळे प्रेक्षकाच्या बाजूने बोलायला फार थोडी उरतात.

अनगोळ नाका
मास्तर, मग 'अनुशेष'? पेपरात रोज असतो. 'सिनेमांचा अनुशेष'. भारदस्त वाटतं.

खानापूरचे मास्तर
भारदस्त आहे, म्हणूनच नको. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्रात विभागवार अनुशेष मोजून दाखवला, तेव्हापासून हा शब्द सिंचनाला, रस्त्यांना, नोकरभरतीला चिकटलाय. त्यात हक्काचं असून मिळालं नाही अशी तक्रार असते. 'शोले' तुम्हाला कुणी नाकारला होता?

कडोलीचा मोहन नव्हे
'शोले' नाही नाकारला, पण मराठी सिनेमांच्या बाबतीत तक्रार आहेच की मास्तर. आमच्या गावात तंबूतलं थेटर यायचं तेव्हा हिंदी आणि कन्नड ठरलेले. मराठी पिक्चर बघायचा तर बेळगावला जा, नाहीतर कोल्हापूरच्या पाहुण्याकडे मुक्काम ठोक. पुढे दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे, त्यात मराठीची पाळी कधी येते याकडे डोळे. तेवढ्यात लाईट जायची. तो अनुशेष नाही तर काय?

खानापूरचे मास्तर
तेवढ्यापुरता मान्य. पण मग फलकावर कुणी भरून काढायचा तेही लिहावं लागेल!

शहापूरची
आमच्या घरात सरळ 'बाकी' म्हणतात. "माझा पिंजरा बाकी हाय." कन्नडात पण 'बाकी इदे'. दोन्ही भाषांत एकच शब्द, फलक रंगवणाऱ्याचाही त्रास वाचेल.

शिवाय आणखी एक प्रकार आहे, त्याला आमच्या मामांनी नाव दिलंय. गाणी रेडिओवर ऐकलेली, संवाद दुसऱ्याच्या तोंडचे, शेवट मित्राने सांगितलेला, आणि माणूस बोलतो असा की पहिल्या दिवशी पहिला शो बघितलाय. मामा म्हणतात, "ह्येनं पिक्चर उद्रीवर बघितलाय." आपल्याकडे दुकानात पाटी असते ना, 'इंदु नगद, नाळे उद्री' (आज रोख, उद्या उधार), तीच उद्री. वडगावकरांचा 'शोले'वाला गडी त्यातलाच.

वडगावकर
ताई, त्याला तुमचं हे लिहिलेलं दाखवलं. म्हणतो, पहिल्या शनिवारी नगद चुकवतो.

खानापूरचे मास्तर
आता 'चुकवतो' आलंच आहे तर तिथे थांबू या, कारण सगळ्यात गमतीचं क्रियापद हेच.

'सिनेमा चुकला' म्हणजे जायचं होतं, जमलं नाही. घरी पाहुणे आले, एसटी उशिरा आली, तिकीट ब्लॅकने घेण्याइतके पैसे नव्हते. 'चुकवला' म्हणजे मुद्दाम टाळला. लग्नातलं भाषण चुकवतात तसा. आणि 'चुकता केला' म्हणजे देणं फेडलं. वर आलेला 'चुकवतो' तिसऱ्या अर्थाचा आहे, पण फक्त क्रियापद वाचणाऱ्याला वाटेल की हा गडी शनिवारीही टांग देणार. चुकला, चुकवला, चुकता केला: सिनेमाशी असलेले तीन वेगळे व्यवहार, धातू एकच.

फरक कुठे कळतो बघा. १९५९ चा अनंत मानेंचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थेटरात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! त्या काळात थेटराशेजारी राहून ज्याने तो बघितला नाही, त्याचा सिनेमा चुकला म्हणवत नाही. त्याने चुकवला.

तुमच्या यादीतले बहुतेक मात्र चुकलेले नाहीत आणि चुकवलेलेही नाहीत. कुणाचा जन्मच नव्हता, कुणाला वाटलं केव्हाही बघू. त्याला आपल्याकडे शब्द आहे तो 'राहिला'. 'बघायचा राहिला', 'राहून गेला'. यात दोष कुणाचाच नाही. माझं मत 'राहिलेले'ला.

पुण्याचा पाहुणा
चर्चा मस्त चालली आहे. एक शंका. वर 'मी अजून बघितलो नाही' असं आलंय. ते 'मी बघितला नाही' हवं ना? सकर्मक क्रियापद आहे, कर्म सिनेमा, पुल्लिंगी.

कॅम्प
आले व्याकरण घेऊन! पाहुणे, इकडे 'मी जेवण केलो', 'मी पिक्चर बघितलो' असंच म्हणतात. कोल्हापूरकडच्या आणि आमच्या पुष्कळ बायकासुद्धा 'मी आलो', 'मी बघितलो' म्हणतात. कन्नडात क्रियापद कर्त्यामागे जातं, शेजार जुना आहे, सवय लागली. फायदा असा की पिक्चर पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हा वाद आम्हाला पडतच नाही. तुमच्याकडे 'बघितला' की 'बघितलं' यावर घरात दोन तट असतात.

पुण्याचा पाहुणा
असतात! आमची आजी 'पिक्चर बघितलं' म्हणते. हे वाचून पु.लं.चे रावसाहेब आठवले, ते तर सगळी लिंगं एकाच गाडीत बसवून न्यायचे.

कॅम्प
ते बेळगावचेच. पु.ल. इथे आरपीडी कॉलेजात शिकवायला होते. आणि सिनेमांचा विषय आहे म्हणून सांगतो, १९५३ चा 'गुळाचा गणपती' माझा अजून राहिलाय. लेखन, संगीत, दिग्दर्शन, नायक सगळं पु.ल., आणि मी बेळगावचा असून बघायचा राहिलो.

खानापूरचे मास्तर
कॅम्पवाल्यांनी दोन ओळींत दोन वेगळी वाक्यं लिहिली, लक्षात आलं का? 'गुळाचा गणपती राहिलाय' आणि 'मी बघायचा राहिलो'. पहिल्यात सिनेमा मागे थांबलाय. दुसऱ्यात माणूस. दुसऱ्या वाक्यात थोडी हळहळ जास्त येते, आणि त्यासाठी वेगळा शब्द लागत नाही, नुसता 'ला'चा 'लो' होतो. प्रमाण मराठीतही दोन्ही चालतात, पण आपल्याकडे दुसरं तोंडात जास्त बसलेलं आहे.

घरात कन्नड
माझं घर कन्नड, शाळा मराठी. फलकाची वरची ओळ मी देतो: 'नोडदे उळिद सिनेमागळु'. अर्थ शब्दशः न बघता राहिलेले सिनेमे. 'उळि' या धातूत मराठीतले 'राहणे' आणि 'उरणे' दोन्ही येतात. मराठीत ते वेगळे ठेवता, ते मला शाळेत जड गेलेलं.

खानापूरचे मास्तर
आणि तो वेगळेपणा इथे कामाचा आहे. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' घ्या. त्याची सगळी रिळं आज नाहीत, थोडा भाग तेवढा उरलाय. उरलाय थोडा, म्हणून अख्खा बघायचा सगळ्यांचाच राहिलाय.

टिळकवाडी
नावाचं झालं. आता क्रियेचं? 'बघून टाकणे'?

शहापूरची
'बघून टाक' म्हणजे एकदाचा उरक, कटकट मिटव. औषध पिऊन टाक म्हणतात त्या सुरात. 'संत तुकाराम'ला बरं नाही वाटत. 'बघून घे' त्यापेक्षा गोड, आपल्याच भल्यासाठी.

कॅम्प
'बघून घेतो' लिहा फलकावर. पोलीस येतील विचारायला, कुणाला बघून घेताय म्हणून.

घरात कन्नड
कन्नडात 'नोडि बिट्टे' म्हणतो आम्ही. 'बिडु' म्हणजे सोडणे. शब्दशः बघून सोडलं.

खानापूरचे मास्तर
मराठीलाही हे 'सोडणे' परकं नाही, समर्थांचं 'शहाणे करून सोडावे' आठवा. पण माझ्या मते शब्द दुसराच आहे आणि तो रोजच्या वापरातला आहे. जाडजूड पुस्तक आपण 'वाचून काढतो'. वही 'लिहून काढतो', रान 'पिंजून काढतो'. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न सोडता. तसं 'बघून काढणे'. "सुट्टीत राहिलेले सिनेमे बघून काढले." ऐकायला कुठे खटकतंय? यात उरकण्याची घाई नाही आणि देणं फेडल्याचा आवही नाही. फक्त सिनेमा त्या मापाचा हवा. 'मुघल-ए-आझम' बघून काढता येतो, तीन तासांहून मोठा आहे. दहा मिनिटांची फिल्म बघून काढली म्हटलं तर हसतील.

अनगोळ नाका
आणि 'शोले'? तो बघून काढला तरी पुरा होतो का? ठाकूर गब्बरला मारतो असा शेवट होता, आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावला आणि पोलीस आणले. म्हणजे १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झाल्यावर रांग लावून ज्यांनी बघितला, त्यांचाही मूळ शेवट राहिलेलाच. आणि रामगड शोधायला उत्तरेत जायला नको, शूटिंग आपल्याच कर्नाटकात, रामनगरला.

वडगावकर
ठरलं. वर 'नोडदे उळिद सिनेमागळु', खाली 'बघायचे राहिलेले सिनेमे'. 'बघून काढणे' पत्रकात घालतो. मराठी 'पिंजरा' आणि कन्नड 'बंगारद मनुष्य' दोन्ही १९७२ चे, ते लागोपाठच्या शनिवारी लावू, म्हणजे दोन्ही घरांची सोय.

निपाणीची सून
माझा प्रश्न राहिला. 'सैराट' आला त्या वर्षी मी बाळंतपणात. पुढच्या वर्षी, २०१७ ला, त्याचाच कन्नड 'मनसु मल्लिगे' आला, तो नवऱ्याबरोबर थेटरात बघितलो. नायिका तीच, रिंकू राजगुरू. गोष्ट तीच. मग माझा 'सैराट' राहिला म्हणायचा की नाही?

शहापूरची
राहिला गं. त्यात बघण्याइतकंच ऐकायचं आहे, करमाळ्याकडची बोली. ती कन्नडात कुठून येणार?

निपाणीची सून
पण शेवट ठाऊक आहे ना, रडायला यायचं नाही.

शहापूरची
येतंय बघ.

वडगावकर
वहिनी, राहिला धरतो आणि यादीत घालतो. तिसरा शनिवार. येताना सतरंजी आणा, मंडळाच्या खुर्च्या सगळ्या लग्नाला गेल्यात.