मदत हवी आहे : रेणू गाभ्यात बसतो, पकड टोकाला कशी सुटते?

सप्रेम नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. ई. कोलाय या जिवाणूच्या लॅक ओपेरॉनचे (लॅक्टोज पचवणाऱ्या, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाचे) प्रात्यक्षिक नुकतेच घेतले. आयपीटीजी (ही जनुके चालू करणारे रसायन) घातलेल्या पेशींच्या नळीत ओएनपीजी (जनुके चालू असल्यास पिवळा रंग देणारे रसायन) टाकताच द्रावण रावेरच्या पिकलेल्या केळीसारखे पिवळे झाले, आणि आयपीटीजी नसलेली नळी जवळजवळ पाण्यासारखीच राहिली. मुले खूश झाली, पण रेणू डीएनए धरणाऱ्या टोकापासून दूर बसूनही दमनकारकाची (डीएनएला धरून जनुके बंद ठेवणाऱ्या प्रथिनाची) पकड कशी सुटते, या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने मी अडलो.

ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) त्याच्या दमनकारकात बसला की प्रथिनाची डीएनए वाचणारी दोन टोके योग्य अंतरावर येतात आणि पकड बसते, हे समजावणे सोपे आहे. लॅक दमनकारकात मात्र उलटे घडते: अ‍ॅलोलॅक्टोज (लॅक्टोजपासून पेशीत बनणारी साखर) किंवा आयपीटीजी डीएनए धरणाऱ्या टोकापासून बराच दूर, प्रथिनाच्या गाभ्यातील खाचेत बसतो, आणि तरीही पकड सैल होते. जाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांचा १९६१ चा सिद्धान्त दमनकारक काय करतो ते सांगतो; गाभ्यातील हालचाल मधल्या बिजागरीसारख्या भागातून टोकापर्यंत कशी पोहोचते, हे मला फळ्यावर दाखवायचे आहे. (चिमट्याची उपमा वापरून पाहिली, ती फसली.)

कोणी हे पदवीच्या वर्गाला शिकवले असल्यास कोणते चित्र किंवा घरगुती प्रतिकृती वापरली, ते कृपया कळवावे.